सहा क्लायंट, एक मशीन: प्रकल्प नोंदी

शनिवार, ६ जानेवारी २०२४

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळाचे तीन क्लायंट (क्लायंट म्हणजे एका खात्यासाठी उघडलेली खेळाची एक विंडो) या मशीनवर दोन वर्षं विनातक्रार चालले आहेत. आता सहा हवेत. एक ऑर्का आणि पाच खाणजहाजं. ऑर्का जवळ उभं राहून बाकीच्यांना खाणकामाचा बूस्ट देतं, त्यामुळे दोन जहाजांमागे एक ऑर्का ठेवणं म्हणजे चैन आणि पाचांमागे एक म्हणजे हिशेब, असं माझं मत झालंय.

आधी नियम लिहून ठेवतो, कारण हार्डवेअरची अर्धी यादी त्यातूनच निघते. एकाच वेळी अनेक खाती चालवायला या खेळात हरकत नाही, पण ती सगळी ओमेगा, म्हणजे पैसे भरलेली हवीत. फुकटचं अल्फा खातं दुसऱ्या चालू खात्याच्या जोडीला लावता येत नाही. आणि १ जानेवारी २०१५ पासून इनपुट ब्रॉडकास्टिंग बंद आहे. एक कळ दाबली आणि ती सहाही विंडोंत गेली, हा प्रकार चालत नाही. (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनेही नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रॉडकास्टिंगच्या सॉफ्टवेअरला बंदी घातली.) म्हणजे प्रत्येक विंडोत मलाच जायचंय, क्लिक करायचंय, पुढच्या विंडोत जायचंय.

तेव्हा या प्रकल्पात मोजायचं ते फ्रेमरेट नाही. विंडो बदलल्यापासून ती हुकूम घ्यायला तयार होईपर्यंत जो वेळ जातो, तो मोजायचा. सहा विंडोंची एक फेरी मी मिनिटाला दोनदा तरी मारतो. प्रत्येक वेळी एक सेकंद अडखळलं तरी डोकं फिरतं.

सध्याचं मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (८ च्या दोन पट्ट्या), जीटीएक्स १०६० सहा जीबीवालं, साटा एसएसडी, ५५० वॉटचा पॉवर सप्लाय. मॉनिटर दोन: एक २५६० बाय १४४०, दुसरा जुना.

माझा बेत नवीन ग्राफिक्स कार्डाचा होता. कार्डांची तुलना करण्यात पंधरा दिवस घालवलेत. भावाला सांगितलं तर म्हणाला, "दादा, सहावा क्लायंट उघडून तरी बघितलास का?" नव्हता बघितला.

रविवार, ७ जानेवारी

आज उघडून बघितला. सहाव्यापर्यंत पोचलोच नाही.

पद्धत: मशीन रीस्टार्ट, ब्राउझर आणि व्हॉइस चॅट रोजच्यासारखे चालू, मग एकेक क्लायंट. प्रत्येकाने स्टेशनातून बाहेर पडून खाणपट्ट्यात जायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग आकडे लिहायचे. टास्क मॅनेजरमध्ये सगळ्या क्लायंटांचं नाव एकच दिसतं, एक्झीफाइल. कुठली ओळ कुणाची ते कळत नाही, त्यामुळे उघडण्याच्या क्रमाने प्रोसेस आयडी कागदावर लिहून काढले.

काहीही न उघडता वापरात ४.८ जीबी. नंतर दर क्लायंटमागे साधारण २.१ ची भर. चार क्लायंटवर १३.३ जीबी. एकूण १५.९ पैकी अजून अडीच शिल्लक. पाचवा उघडला, लोडिंगची पट्टी अर्ध्यावर आली आणि तो गायब. कसलाही संदेश नाही. परत उघडला, परत गायब. तिसऱ्या वेळी पाचवा राहिला, पण ऑर्कावाला मुख्य क्लायंट पडला आणि त्याच्याबरोबर ब्राउझरही.

अडीच जीबी मोकळी असताना हे का, यात दुपार गेली. उत्तर त्याच पानावर, खालच्या ओळीत होतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली "कमिटेड" म्हणून दोन आकडे असतात. माझे होते १६.६ / १६.९. पहिला म्हणजे प्रोग्रामांनी मागून घेतलेली जागा, दुसरा म्हणजे विंडोज जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहे ते. सभागृहात खुर्च्या रिकाम्या दिसतात, पण सगळ्यांवर रुमाल टाकलेले असतात, तसा प्रकार. क्लायंट २.१ वापरत असला तरी मागून घेतो अडीच. आणि विंडोज देऊ शकतं ते रॅम अधिक पेजफाइल (रॅमला जोड म्हणून एसएसडीवर राखलेली जागा) एवढंच.

पेजफाइल मीच १ जीबीवर बांधून ठेवली होती. का, तर सात-आठ वर्षांपूर्वी कुठेतरी वाचलं होतं की पेजफाइल लहान ठेवली की मशीन पळतं. तेव्हापासून दर नव्या मशीनवर मी हे इमानेइतबारे करत आलोय.

पेजफाइल विंडोजच्या ताब्यात दिली, रीस्टार्ट केलं. पाचवा उघडला, सहावाही उघडला. कमिटेड २१ च्या वर गेलं, पण पडलं काहीच नाही.

सोमवार, ८ जानेवारी

मात्र सहा चालणं आणि सहा वापरता येणं यात फरक आहे.

मोजण्यासाठी फोनचा स्लो मोशन व्हिडिओ वापरला. २४० फ्रेम प्रति सेकंद, म्हणजे एक फ्रेम सव्वाचार मिलिसेकंदांहून किंचित कमी. फोन असा टेकवला की कीबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही दिसतील. विंडो बदलण्याची कळ खाली गेलेली फ्रेम पहिली आणि समोर आलेल्या विंडोत जहाजाच्या वेगाचा आकडा हललेली फ्रेम शेवटची. मधल्या मोजायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण यात खोटं बोलायला जागा नाही.

नुकत्याच वापरलेल्या विंडोला ३८ फ्रेम लागल्या, साधारण १५८ मिलिसेकंद. वीस मिनिटं मागे पडून राहिलेल्या विंडोला ८१६, म्हणजे ३.४ सेकंद! विंडो समोर येते, चित्र गोठलेलं असतं, एसएसडीचा दिवा लुकलुकत राहतो आणि मग अचानक सगळं धावायला लागतं. रॅम अपुरी पडली की विंडोज बराच वेळ न वापरलेली पानं एसएसडीवर ढकलतं. परत आणताना ती तुकड्यातुकड्याने येतात. साटा एसएसडीचा सलग वाचनाचा वेग ५५० एमबी प्रति सेकंद असतो खरा, पण हे वाचन सलग नसतं.

तेव्हा पहिली खरेदी रॅम. कार्डाची चर्चा नंतर.

मंगळवार, ९ जानेवारी

कार्डाची चर्चा आजच झाली, कारण मला धीर नव्हता.

सहा क्लायंट, सगळ्यांची ग्राफिक्स सेटिंग जशीच्या तशी उंच. कार्ड ९९ टक्के. समोरच्या विंडोत ४१ फ्रेम. "बघ, कार्डच कमी पडतंय," असं भावाला म्हणणार होतो, पण म्हणण्याआधी मागच्या विंडोंचे फ्रेम बघितले. कंट्रोल आणि एफ दाबलं की हा खेळ स्वतःच आकडा दाखवतो. मागच्या प्रत्येक विंडोतही चाळीसच्या आसपास. म्हणजे कार्ड सेकंदाला अडीचशे चित्रं काढत होतं आणि त्यातली दोनशे मी बघतही नव्हतो.

मागच्यांना लगाम घालायला हवा. इथे एक मेख आहे. ड्रायव्हरमध्ये प्रोग्रामनिहाय फ्रेमची मर्यादा घालता येते, पण सहाही क्लायंट एकच प्रोग्राम आहेत, त्यामुळे ऑर्काला ६० आणि बाकीच्यांना २० असं सांगायची सोयच नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये दुसरी एक ओळ आहे, पार्श्वभूमीतल्या प्रोग्रामसाठी कमाल फ्रेमरेट. ती नाव बघत नाही, फोकस कुणाकडे आहे ते बघते. ती २० वर ठेवली. समोर जी विंडो येईल ती मोकळी, मागे गेली की २०. शिवाय खेळातलं प्रेझेंट इंटरव्हल "इमिजिएट" वरून "इंटरव्हल वन" वर आणलं, म्हणजे समोरचीही मॉनिटरच्या ६० पलीकडे जाणार नाही.

कार्ड ९९ वरून ५५ टक्क्यांवर आलं. समोर ६० फ्रेम, स्थिर. पंख्याचा आवाज कमी झाला तो शेजारच्या खोलीतूनही कळला.

एवढ्या वर्षांत ही ओळ एकदाही उघडली नव्हती.

बुधवार, १० जानेवारी

कालचं एक राहिलं होतं. ५५ टक्के झालं तरी विंडो बदलताना अधूनमधून एक झटका येतोच. टास्क मॅनेजरच्या जीपीयू पानावर खाली दोन आलेख असतात, डेडिकेटेड आणि शेअर्ड मेमरी. पहिला कमाल रेषेला चिकटलेला, दुसरा वर चढलेला. सहा क्लायंट उंच टेक्श्चरवर (टेक्श्चर म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) प्रत्येकी १.३ जीबी मागत होते. कार्डाकडे एकूण ६. उरलेलं विंडोज सिस्टिमच्या रॅममध्ये ठेवतं, आणि कार्डाला ते पीसीआय एक्स्प्रेसमधून ओढून आणावं लागतं. कार्डाची स्वतःची मेमरी १९२ जीबी प्रति सेकंद देते, तर हा रस्ता (३.०, सोळा लेन) जेमतेम १६. बारा पट अरुंद. आणि इथे त्यावर बारा-बारा वेळा येजा.

उपाय लाँचरमध्येच होता. सेटिंगचे वेगळे प्रोफाइल करता येतात आणि खाती त्यांत वाटता येतात. दोन केले. "मुख्य" मध्ये ऑर्का एकटं, उंच टेक्श्चर, पूर्ण रिझोल्यूशन. "बाकी" मध्ये पाचही खाणजहाजं, टेक्श्चर आणि शेडर खालच्या पायरीवर, सावल्या बंद, विंडो १०२४ बाय ७६८. पिक्सेलचा हिशेब केला तर १४४० ची एक विंडो सुमारे ३६.९ लाख पिक्सेल, आणि अशा पाच छोट्या मिळून ३९.३ लाख. पाच लहान विंडो म्हणजे जवळपास एकच मोठी.

आता ग्राफिक्स मेमरी ५.१ जीबी. शेअर्डचा आलेख खाली बसला. झटका गेला.

कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ एकत्र दाबलं की त्या क्लायंटचं त्रिमितीय दृश्यच बंद होतं. काळी पार्श्वभूमी आणि वर फक्त तक्ते आणि बटणं. खाणकामाला तेवढं पुरतं. पाच जहाजांची दृश्यं बंद केल्यावर कार्ड ३० टक्क्यांवर उतरलं. नवीन कार्डाची तुलना असलेली ती फाइल आज डिलीट केली. थोडं वाईट वाटलं. मेहनत होती.

शनिवार, १३ जानेवारी

रॅम. भावाच्या जुन्या मशीनमधल्या ८ च्या दोन पट्ट्या पडून होत्या. त्या माझ्या दोघींशेजारी लावून चार केल्या तर ३२ होतात, फुकट. लावल्या.

रॅमचा वेग ३२०० ठेवला तर मशीन सुरूच होईना. तीनदा स्वतःहून बंद-चालू झालं आणि शेवटी सगळी सेटिंग विसरून मूळ वेगावर उठलं. २९३३ वर उठलं खरं, पण रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला तर पहिल्याच तासात चुका. रायझन ३००० मालिकेला अधिकृत पाठिंबाच असा आहे: दोन पट्ट्या असतील तर ३२००, चार असतील तर २९३३, आणि दोन्ही बाजूंनी भरलेल्या म्हणजे ड्युअल रँक चार असतील तर २६६७. त्यात माझ्या दोन एका जातीच्या, त्याच्या दोन दुसऱ्या. जुळलं तर जुळलं. वेग आणखी उतरवून चालल्या असत्या कदाचित, पण तीन तासांच्या सत्रात मेमरीची चूक म्हणजे कुठला तरी क्लायंट कधीही पडणार. त्याचं कारण शोधत बसायची माझी तयारी नाही.

१६ च्या दोन पट्ट्यांचा जोड मागवला.

बुधवार, १७ जानेवारी

आला. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावला (प्रोसेसरकडून मोजायचं; पहिल्या दोन शेजारशेजारच्या खाचांत लावला तर दोन्ही पट्ट्या एकाच चॅनेलवर जातात). पहिल्या झटक्यात ३२ जीबी दिसली, खूश झालो, खेळायला बसलो. अर्ध्या तासाने टास्क मॅनेजरमध्ये वेग बघितला: २४००. एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी बायॉसमधली सेटिंग) चालू करायला विसरलो होतो. ड्युअल चॅनेलला २४०० म्हणजे ३८.४ जीबी प्रति सेकंद, ३२०० म्हणजे ५१.२. बायॉसमध्ये जाऊन चालू केलं.

सहा क्लायंट, तेच ब्राउझर, तेच व्हॉइस चॅट. वापरात १७.६ जीबी, कमिटेड २१.५. फोन परत टेकवला. वीस मिनिटं निजलेली विंडो: ४० फ्रेम, १६७ मिलिसेकंद. ८१६ वरून ४०.

भावाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर: "दादा, सहा क्लायंटला मिळून १७ आणि तू ६४ घ्यायला निघाला होतास." निघालो होतो, हे खरं आहे. पण ते कार्टात टाकलं होतं, घेतलं नव्हतं.

शनिवार, २० जानेवारी

आता प्रोसेसर. तक्रार अशी: खाणपट्ट्यात सगळं ठीक. पण सहाही जहाजांना एकदम दुसऱ्या सौरमालेत उडी मारायला लावली की पाच-सहा सेकंद सगळंच चिखलात. टास्क मॅनेजर म्हणतो प्रोसेसर ५० टक्के. मग अडतंय कुठे?

सरासरीत. ३६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी कामाच्या बारा रांगा चालतात. एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आलेखावर ८.३ टक्केच दिसतो. खेळाचा क्लायंट आतून बराचसा स्टॅकलेस पायथॉनमध्ये लिहिलेला आहे आणि पायथॉनचा कोड एका वेळी एकाच थ्रेडवर चालतो. तक्ते, यादी, बटणं, सगळं त्या एकाच रांगेत. आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर वेगळा बघितला तर उडीच्या वेळी सहा खांब छताला आणि सहा जवळजवळ तळाला. पन्नास टक्क्यांचा अर्थ हा.

यातून एक फुकटचा उपाय निघाला. ओव्हरव्ह्यूच्या, म्हणजे आसपासच्या जहाजांच्या आणि वस्तूंच्या, यादीत जितक्या ओळी तितकं त्या थ्रेडला काम. खाणजहाजांच्या ओव्हरव्ह्यूतून दगड सोडून जवळपास सगळं काढून टाकलं. चिखल पाच-सहा सेकंदांवरून चारवर.

रविवार, २१ जानेवारी

आजचा दिवस अॅफिनिटीवर वाया घालवला. पूर्ण वाया नाही, पण बराचसा.

कल्पना: प्रत्येक क्लायंटला त्याचा ठरलेला कोअर बांधून द्यायचा, म्हणजे भांडण नको. सहा क्लायंट, सहा कोअर, देवाने जुळवून आणलंय जणू. पहिला प्रयोग एका क्लायंटला एकच थ्रेड. भयंकर! मुख्य थ्रेड एक असला तरी त्याच्या मागे फाइल वाचणारे, आवाजाचे, ग्राफिक्स ड्रायव्हरचे थ्रेड असतात. सगळे एका दारात. लॉगिनच्या पडद्यावरच क्लायंट मिनिटभर गोठला.

दुसरा प्रयोग जरा शहाणपणाचा. ३६०० मधली ३२ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) प्रत्यक्षात १६ च्या दोन तुकड्यांत आहे. तीन कोअरांचा एक गट एका तुकड्यावर, दुसरा गट दुसऱ्यावर. ऑर्काला पहिला गट पूर्ण, पाच जहाजांना दुसरा. ऑर्का लोण्यासारखं चालायला लागलं. पाच जहाजं मात्र तीन कोअरांत कोंबल्यावर उडीच्या वेळी आणखी हळू. एकाचं सुख, पाचांचं दुःख.

आणि टास्क मॅनेजरमधली अॅफिनिटी क्लायंट बंद झाला की विसरली जाते. हा खेळ रोज ११:०० यूटीसीला सर्व्हर बंद करतो, सगळे क्लायंट एकदम बाहेर. म्हणजे रोज सहा वेळा तेच टिकमार्क. प्रोसेस लासोसारखी साधनं हे लक्षात ठेवतात, पण नाव एकच असलेल्या सहा प्रोसेसना वेगळं ओळखायचं कसं हा प्रश्न राहतोच.

सगळं काढून टाकलं. मागच्यांना २० फ्रेमचा लगाम असताना विंडोजचा शेड्यूलर माझ्यापेक्षा बरं वाटप करतो. खाणजहाजांची प्रायॉरिटी एक पायरी खाली, बस.

शनिवार, २७ जानेवारी

आठवडाभर विचार करून प्रोसेसर घ्यायचं ठरवलं. तीन उमेदवार, तिघेही याच मदरबोर्डवर, त्याच्या एएम४ सॉकेटमध्ये बसणारे. ५९००एक्स: १२ कोअर, पण सहा-सहाचे दोन गट, म्हणजे परवाचीच कथा मोठ्या अक्षरांत. ५८००एक्स३डी: ८ कोअर आणि ९६ एमबी एल३, अशा खेळांना सगळ्यात चांगला, पण १०५ वॉटचा आणि माझा कूलर साधा. ५७००एक्स: ८ कोअर, ३२ एमबी, पण सगळी एकसंध, सगळ्या आठांना, आणि ६५ वॉट. तिसरा घेतला. कोअर दोनच वाढले. मला हवं होतं ते एका थ्रेडचा वेग आणि न तुटलेली कॅश.

आजचा क्रम: जुना प्रोसेसर असतानाच बायॉस अद्ययावत करणं (नवीन मालिका जुन्या बायॉसला ओळखूच येत नाही, आणि प्रोसेसर ओळखला नाही तर बायॉस बदलणार कोण). पेन ड्राइव्हवरून केलं, नीट झालं. ड्राइव्हच्या एन्क्रिप्शनची रिकव्हरी की कागदावर उतरवली. मग मशीन बंद करून जेवायला गेलो.

हीच चूक. एएम४ चे पाय प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. कूलरखालची पेस्ट थंड झाली की गोंदासारखी धरते. मशीन गरम असताना, पंधरा मिनिटं सगळे क्लायंट चालवून मग बंद करून, कूलर आधी डावी-उजवीकडे पिळायचा आणि मग उचलायचा असतो. मी तासाभराने येऊन सरळ वर ओढला. "टक" असा आवाज झाला आणि कूलरला चिकटलेला प्रोसेसर हातात आला. सॉकेटचा खटका लावलेलाच होता. १३३१ पायांचं जंगल माझ्याकडे बघत होतं आणि कोपऱ्यातले दोन पाय वाकलेले.

हेअर ड्रायरने पेस्ट ऊबदार करून प्रोसेसर सोडवला. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक पायावर घालून एकेक पाय हळूहळू उभा केला. उजेडाकडे तिरकं धरून रांग बघायची. सरळ पाय एकामागे एक लपतात, वाकलेला लगेच डोकावतो. दोन पायांना चाळीस मिनिटं लागली. हा ३६०० भावाच्या मशीनला जाणार आहे. त्याला यातलं काहीही सांगितलेलं नाही.

नवीन बसवला. पहिल्या सुरुवातीला काळ्या पडद्यावर विचारणा आली: प्रोसेसर बदललाय, एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग) नव्याने करू का, वाय की एन. रिकव्हरी की हातात होती म्हणून वाय दाबायला भीती वाटली नाही. विंडोजने की मागितली, दिली. लॉगिनचा पिन पुन्हा बसवावा लागला.

रविवार, २८ जानेवारी

सहा क्लायंट, उडी. चिखल दीड सेकंद. विंडो बदलायला २९ फ्रेम, १२१ मिलिसेकंद. पण मला अजून चांगलं अपेक्षित होतं, म्हणून परत चाचपडायला लागलो. रॅमचा वेग: २४००. बायॉस बदलला की एक्सएमपी जातं. दहा दिवसांत दुसऱ्यांदा. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावली आहे.

३२०० केल्यावर २६ फ्रेम.

शनिवार, ३ फेब्रुवारी

किरकोळ राहिलेलं. नेटवर्क: सहा क्लायंट मिळून खाणकामात सेकंदाला काही केबी. काहीच प्रश्न नाही, फक्त त्याच वेळी दुसरं मोठं डाउनलोड नको. एसएसडी: बदललेली नाही. सहाही क्लायंट एकाच फोल्डरमधून, एकाच सामायिक कॅशमधून चालतात, त्यामुळे पहिल्याने वाचलेली फाइल बाकी पाचांना रॅममधूनच मिळते. दुसऱ्या एका खेळात मी प्रत्येक क्लायंटला पूर्ण फोल्डरची प्रत करून दिली होती, म्हणजे तेच पाणी पाच हंड्यांत भरून पाच वेळा वाहणं. पॉवर सप्लाय: ६५ वॉटचा प्रोसेसर आणि १२० वॉटचं कार्ड, ५५० पुष्कळ.

ईव्ह-ओ प्रिव्ह्यू लावलं. मागच्या विंडोंची जिवंत छोटी चित्रं दुसऱ्या मॉनिटरवर दाखवतं, त्यावर क्लिक केलं की ती विंडो पुढे येते. ते कळा पाठवत नाही, फक्त दाखवतं. चित्रं विंडोजकडूनच घेतं, त्यामुळे भारही नगण्य. पाचही खाणजहाजांचा आवाज बंद केला, कारण सहा जहाजांची लेझर एकत्र ऐकणं म्हणजे पिठाच्या गिरणीत बसणं.

रविवार, ४ फेब्रुवारी

पूर्ण सत्र, तीन तास. रॅम १८.२, ग्राफिक्स मेमरी ५, कार्ड ३२ टक्के, एकही क्लायंट पडला नाही, एकही झटका नाही.

सव्वादोन तासांनी चौथं जहाज, माझं एकुलतं एक हल्क, दोन कॅटलिस्टांनी, म्हणजे छोट्या लढाऊ जहाजांनी, उडवलं. त्या विंडोत दृश्य बंद होतं, आवाज बंद होता, ओव्हरव्ह्यूमधून मी दगड सोडून सगळं काढून टाकलेलं होतं आणि तिचं छोटं चित्र दुसऱ्या मॉनिटरच्या तळाशी, बोटाएवढं. कळलं तेव्हा तिथे कवचात बसलेला पायलट आणि भंगार. लॉग तपासला: त्या क्षणी प्रोसेसर ३४ टक्के, पावणेचौदा जीबी रॅम रिकामी.

पुढचं काम: खाणजहाजांच्या ओव्हरव्ह्यूमध्ये खेळाडूंच्या ओळी परत आणणे. छोटी चित्रं दुप्पट मोठी. धोक्याचा इशारा तेवढा ऐकू येईल असा आवाज पाचही विंडोंत चालू, लेझरचा बंदच. आणि त्यानंतर उडीचा चिखल परत मोजणे.